छताला ओल आणि सारखा पडणारा खटका, आधी काय बघायचं?

वाचक ताईंचं पत्र :

दादा, नमस्कार. आम्ही चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग २७ वर्षं जुनी. बेडरूमच्या छताला, जिथे वर चौथ्या मजल्यावरच्यांचं बाथरूम येतं तिथे, ओलीचा डाग आलाय आणि तो आता फॅनच्या हुकापर्यंत पोचलाय. गेले दोन महिने घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट पाझरला की पडणारा खटका, मधेच पडतो, बहुतेक सकाळीच. वायरमन म्हणाला तो जुना झालाय, मी तो काढून लाइन डायरेक्ट जोडून देतो म्हणजे कटकट मिटेल. वरचे काका म्हणतात आमची लादी कोरडी ठणठणीत आहे, गळती आमची नाहीच. त्यात मी यंदा कमिटीत आलेय. निम्मे लोक म्हणतात आधी आगीची लाइन, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा पाइप, दुरुस्त करू, निम्मे म्हणतात आधी गळती, आणि फंड एकाच मोठ्या कामापुरता आहे. घरात सासूबाई आहेत, गुडघ्यांमुळे जिना हळूहळू उतरतात, आणि जिन्यात लोकांची कपाटं, सायकली. मला रात्री झोप लागत नाही. आधी आग बघायची की आधी पाणी?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकलो, तुम्ही सहज लिहून गेलात ते "बहुतेक सकाळीच". सकाळी वरच्या बाथरूममध्ये आंघोळी चालू असतात, त्याच वेळी तुमचा खटका पडतो, आणि डाग नेमका त्याच बाथरूमखाली. माझ्या मते हे दोन प्रॉब्लेम नाहीतच, एकच आहे. वरचं पाणी तुमच्या स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात उतरतंय. म्हणजे तुमच्या घरापुरतं तरी "आग की पाणी" हा प्रश्नच उरत नाही, कारण आगीची सुरुवात होईल ती या पाण्यानेच.

सगळ्यात आधी, आणि हे आजच : आरसीसीबी डायरेक्ट करू देऊ नका. वायरमन कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणून सांगा. हा खटका काय करतो बघा, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का हे तो सतत मोजत असतो, आणि घरातल्या नेहमीच्या खटक्यात ३० मिलीअँपिअरच्या आतबाहेर फरक दिसला, म्हणजे करंट भलतीकडेच कुठेतरी पाझरतोय असं दिसलं, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. एमसीबीला, म्हणजे लोड जास्त झाला की पडणाऱ्या साध्या खटक्याला, हे दिसतच नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, ओल्या भिंतीतून ०.३ अँपिअर पाझरत असेल तर त्याला पत्ताही नसतो. आणि ०.३ अँपिअर म्हणजे थोडं वाटतं ना? २३० व्होल्टच्या लाइनवर ते जवळजवळ ७० वॅट होतात, म्हणजे जुना पिवळा बल्ब तापायचा तेवढी उष्णता, ती पण काचेच्या आत नाही तर जंक्शन बॉक्समधल्या एखाद्या बोटभर जागेत. प्लास्टरमधून उतरणारं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात क्षार विरघळलेले असतात, ते करंट वाहून नेतात, हळूहळू प्लास्टिकवर काळी कोळशासारखी रेघ उमटते, ती रेघ स्वतःच वायरसारखी वागायला लागते, आणि एक दिवस तिथे ठिणगी पडते. तुमचा आरसीसीबी गेले दोन महिने हे सगळं व्हायच्या आधी लाइन तोडतोय. त्याला गप्प करणं म्हणजे रोज ओरडून सांगणाऱ्या माणसाचं तोंड दाबणं.

तो खरंच जुना झाला असेल का? असू शकतो, पण ते तपासायला अर्धा मिनिट लागतं. त्याच्यावर टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असतं, लाइन चालू असताना दाबा. लगेच पडला तर खटक्याचं यंत्र चालतंय, नाही पडला तर नवा बसवा, पण नवाच, डायरेक्ट नाही. हे बटण घरात सगळ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी दाबायला हवं. वर्षानुवर्षं न हललेला खटका ऐन वेळी अडकून बसू शकतो.

मग करंटची गळती कुठल्या लाइनवर आहे ते शोधायचं, याचा पहिला भाग तुम्ही स्वतःही करू शकता. खटका पडला की सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याने खटका पडेल ती लाइन. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून परत बघा, तरी पडला तर दोष मशीनचा नाही, भिंतीतल्या वायरिंगचा. आणि सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर समजा की न्यूट्रल कुठेतरी ओलीला टेकलीय, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, बरेच जण इथेच चकतात आणि खटक्यालाच दोष देऊन मोकळे होतात. पुढचं काम वायरमनचं, त्याला मेगर घेऊन यायला सांगा. मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, ५०० व्होल्टवर रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन वापरायची नाही. ज्याच्याकडे मेगर नाही आणि जो नुसतं टेस्टर लावून "सगळं ठीक आहे" म्हणतो त्याच्या शब्दावर विसंबू नका, टेस्टरला ही गोष्ट कळत नाही.

दुसरं, तो फॅन. डाग हुकापर्यंत पोचलाय असं लिहिलंय, म्हणून सांगतो, फॅन उतरवून ठेवा आणि त्या पॉइंटची लाइन बंद ठेवा. जुन्या बिल्डिंगमध्ये हुक बहुतेक वेळा स्लॅबच्या सळईला अडकवलेला असतो. सळई गंजली की गंज तिच्या मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, काँक्रीटला आतून फोडतो, मग पोपडे निघतात, मग ढलप्या पडतात. छतावर बोटाच्या मागच्या बाजूने, किंवा काठीच्या टोकाने हलकेच टकटक करून बघा, भरीव ठक् आवाज आला तर ठीक, पोकळ ढब् आवाज आला तर तेवढं प्लास्टर सुटलंय, त्याखाली पलंग ठेवू नका आणि सासूबाईंना त्या खोलीत झोपवत असाल तर आज रात्रीपासून जागा बदला. असा पोकळ आवाज मोठ्या भागात येत असेल किंवा गंजलेली सळई उघडी दिसत असेल तर मग प्लंबर-गवंडी पुरे नाहीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं.

आता वरचे काका. "आमची लादी कोरडी आहे" हे ते खोटं बोलत नसतील, लादी वरून कोरडीच दिसते! पाणी लादीच्या वर नसतंच, लाद्यांच्या फटीतलं ग्राउट झिजलेलं असतं नाहीतर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी खाली जायच्या तोंडाच्या, भोवतीचा सांधा सुटलेला असतो, तिथून ते खाली उतरतं, आणि उतार मिळेल तिकडे जाऊन मग तुमच्या छताला दिसतं. म्हणून भांडायला जाऊ नका, काकांना सोबत घेऊन तपासायला जा. माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, ज्याच्यावर आरोप होतो तो दार लावून घेतो, आणि ज्याला "काका, जरा बघू या का आपण दोघं" म्हणतो तो स्वतः बादली भरून देतो.

तपासायची रीत अशी. डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख-वेळ लिहा, रोज. डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहत असेल, कोणी पाणी वापरो न वापरो, तर गळती प्रेशरच्या पाइपात आहे, म्हणजे नळाला येणाऱ्या पाण्याच्या लाइनमध्ये. अशा वेळी काकांनी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, सकाळी उठल्याबरोबर परत बघायचा, आकडा हलला असेल तर पाइप गळतोय. मीटर नसेल तर त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह दोन दिवस गरजेपुरताच उघडून बघा, डाग सुकायला लागतो का. डाग वापरानंतरच वाढत असेल, जे तुमच्या केसमध्ये मला वाटतंय, तर सांडपाण्याची बाजू, म्हणजे ट्रॅप, सांधा, लादी. मग ट्रॅपचं तोंड चेंडू नाहीतर कापडाने घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन बोटं पाणी २४ तास साठवा, पाण्यात थोडा रंग टाका, आणि त्या आधी तुमच्या छतातली ती लाइन बंद आहे ना ते परत बघा. खाली रंग उतरला तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. काहीच उतरलं नाही तर बोळा काढून ते रंगीत पाणी एकदम ट्रॅपमधून सोडा, आता उतरलं तर दोष ट्रॅपच्या सांध्यात. पहिल्यात सगळं बाथरूम फोडावं लागतं, दुसऱ्यात एका कोपऱ्यावर भागतं, म्हणून ही टेस्ट केल्याशिवाय कोणालाही हातोडा उचलू देऊ नका. आणि डाग फक्त पावसातच वाढत असेल तर काकांना सोडा, बाहेरची भिंत आणि डक्ट बघा. खालून छताला केमिकल मारून, पुट्टी-रंग लावून काम झालं म्हणणारे खूप भेटतील, ते करू नका, पाणी वरून येणं थांबत नाही, फक्त दिसायचं बंद होतं आणि सळईपाशी साठून राहतं.

आता बिल्डिंगचं. इथे मी तुम्हाला माझं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन दिवस बाहेरगावी होतो आणि वॉशिंग मशीनला पाणी आणणारा रबरी पाइप नळापाशी फाटला. खालच्यांच्या छतातून धार लागली तेव्हा लोक धावले, किल्ली शेजाऱ्यांकडे होती, दार उघडलं, पण मशीनचा नळ गोल फिरायचा आणि बंद व्हायचा नाही. मग सगळे गच्चीवर. तिथे टाकीखाली एका रांगेत आठ व्हॉल्व्ह, कुठला कोणाचा कोणालाच माहीत नाही, अंदाजाने एक फिरवायला गेले तर तो क्षाराने जाम झालेला आणि त्याचं चाक हातात आलं. शेवटी एकेक करत सगळ्या बिल्डिंगचं पाणी बंद केलं तेव्हा ४० मिनिटं गेली होती. मिनिटाला १०-१२ लिटर धरले तरी चारशे-पाचशे लिटर पाणी, तीन मजल्यांतून खाली. खालच्या घरातल्या मुलीची वह्या-पुस्तकं भिजलेली होती, ती पानं एकेक सुटी करून दोरीवर घालत होती, ते मी आल्यावर पाहिलं आणि आजही आठवलं की मला वाईट वाटतं, कारण तो पाइप सात-आठ वर्षांचा होता आणि त्याला नळापाशी आलेला फुगा मी आधी पाहिलेला होता, बदलू कधीतरी म्हणून राहिलं.

तेव्हापासून मी प्रत्येक कमिटीला पहिलं काम हेच सांगतो आणि त्याला फंड लागत नाही. गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला फ्लॅट नंबरचा बिल्ला तारेने बांधा, पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा, खडूने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून परत उघडा म्हणजे जाम होत नाही. घराघरात मशीनचा रबरी पाइप, सिंकखालचे आणि बेसिनखालचे कनेक्शन पाइप हात फिरवून बघा, फुगा, भेग, गंज, चिकटपणा काहीही लागलं तर बदला, आणि काही दिसत नसलं तरी मशीनचा पाइप पाच वर्षांत बदलून टाका. मशीन चालू नसताना तिचा नळ बंद ठेवायचा, आणि बाहेरगावी जाताना घराचा मेन व्हॉल्व्ह.

पावसाआधी गच्चीची पन्हाळी आणि त्यांच्या जाळ्या स्वतः वर जाऊन बघा, कोणी "साफ केलंय" म्हटलं म्हणून सोडू नका. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पानं अडकून १० सेंटीमीटर पाणी तुंबलं तर ते २० टन होतं, आणि ते सगळं वजन तुमच्या २७ वर्षांच्या स्लॅबवर बसतं.

आगीच्या लाइनबद्दल तुमच्या मीटिंगमध्ये "दुरुस्त करू" म्हणजे नेमकं काय करायचं ठरतंय ते मला पत्रावरून कळलं नाही, पण एक गोष्ट नक्की तपासा. बऱ्याच बिल्डिंगमध्ये हायड्रंटचा, म्हणजे आगीसाठीच्या मोठ्या नळाचा, एखादा सांधा ठिबकत असतो, खाली ओल येते म्हणून कोणीतरी वरचा व्हॉल्व्ह बंद करतं, ठिबकणं थांबतं, सगळे विसरून जातात, आणि पाइप लाल रंगात चकाचक उभा राहतो पण आत पाण्याचा थेंब नसतो. म्हणजे गळती नीट दुरुस्त न केल्यामुळे आग विझवायचं पाणी गेलं. सगळ्यात वरच्या मजल्याचं हायड्रंट उघडून पाणी जोरात येतं का बघा, खालच्याला आलं म्हणून वर येईलच असं नाही.

आणि जिना. ताई, सासूबाईंच्या दृष्टीने या सगळ्यात जिना मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आगीत माणसं जास्त करून धुराने जातात, ज्वाळा पोचायच्या आधी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस गुंगीत जातो. आणि जिना म्हणजे धुराला वर जायची चिमणीच. तिथे एक लाकडी कपाट पेटलं तर वरच्या सगळ्या मजल्यांचा रस्ता बंद. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली चौथ्या मजल्यावरच्या एका किचनमधल्या फ्रिजपासून आग लागली आणि ७२ माणसं गेली, आग बाहेरून वर चढली ती भिंतीवर लावलेल्या ज्वलनशील पत्र्यांमुळे, पण नंतरच्या चौकशीत हेही निघालं की बऱ्याच फ्लॅटच्या दारांना आपोआप बंद व्हायची स्प्रिंग नव्हती किंवा मोडलेली होती, लोक बाहेर पळाले, दारं उघडी राहिली आणि धूर पॅसेजमध्ये भरला. म्हणून बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला, लहान मुलांनाही, हे पाठ करून द्या की जळणाऱ्या घरातून बाहेर पडताना दार मागे ओढून घ्यायचं, कडी लावायची नाही, नुसतं ओढायचं. बंद दार धुराला बराच वेळ अडवतं.

जिन्यातली कपाटं हलवायला लोक कुरकुर करतील. मीटिंगमध्ये नियम वाचून दाखवू नका, एका रात्री दहा वाजता जिन्यातले दिवे पाच मिनिटं बंद करा आणि कमिटीतल्या दोघांना मोबाइलच्या टॉर्चशिवाय चौथ्या मजल्यावरून कठडा धरून खाली उतरू द्या, बाकीच्यांनी बघावं. गुडघे कुठे आपटतात ते कळेल. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा सायकलची बॅटरी मात्र जिन्यात, दारापाशी किंवा मीटर रूममध्ये चार्ज करायला कोणालाही परवानगी देऊ नका, तिथे मी जराही तडजोड करणार नाही. लिथियमची बॅटरी पेटली की काही सेकंदांत भडकते, विषारी धूर सोडते, विझली वाटली तरी परत पेटते, आणि ती पळायच्या वाटेवरच असेल तर वाट संपली. मीटर रूममध्ये ठेवलेले जुने कागद, झाडू, रंगाचे डबे पण बाहेर काढा. डक्टमध्ये मजल्यामजल्यावर केबल टाकताना पाडलेली भोकं दिसतील, ती आगरोधक मटेरियलने बुजवून घ्या, धूर आणि पाणी दोन्ही त्याच भोकांतून मजले बदलतात.

सासूबाईंसोबत आधीच ठरवून ठेवा. जिन्यात धूर दिसला तर त्यांना घेऊन उतरायचा प्रयत्न करायचा नाही, लिफ्ट तर नाहीच. दार बंद, खालच्या फटीला ओला टॉवेल, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीपाशी खुर्ची, आणि अग्निशमन दलाला फोन करून मजला, खोली आणि "चालता न येणारं माणूस आहे" हे तीनही सांगायचं. पण आग तुमच्याच घरात असेल तर मात्र थांबायचं नाही, सगळ्यात आधी त्यांना दाराबाहेर काढायचं. त्यांना ही खिडकीची खोली एकदा दाखवा, शांतपणे, घाबरवून नाही.

फंडाचं माझं मत विचारलंत तर, मोठी रक्कम गळतीवर, आणि जिना, मीटर रूम नि ओल असलेली घरं यांतल्या वायरिंगच्या मेगर टेस्टवर आधी घाला. व्हॉल्व्हचे बिल्ले, जिना मोकळा करणं, दारं ओढून घेणं याला पैसे लागत नाहीत, ते या रविवारी सुरू करा. हायड्रंटला पाणीच येत नसेल तर मात्र क्रम बदला, ती लाइन आधी, गळतीला तोवर काकांच्या बाथरूमचा वापर थांबवून दम काढा, त्यांच्याकडे दुसरं असेल तर.

फॅन आज उतरवा. आठ दिवस डागाच्या रेघा आणि खटका पडल्याच्या वेळा एका कागदावर लिहा, मेगरचं रीडिंग त्याच्याच खाली, आणि तो कागद मला पाठवा, मग वरची लादी फोडायची की नुसता ट्रॅप ते आपण ठरवू.